चमकत्या प्रथिनांनी बायोटिन शोधताना: स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई आणि त्याचे नखरे

स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाला बायोटिन तेवढं कळतं. ते बायोटिन कोणाचं, हे कळत नाही. तुम्ही मेहनतीने अँटिबॉडीला जोडलेलं असो, पेशी वाढवायच्या मीडियात विरघळलेलं असो, की पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात आधीपासून ठाण मांडून बसलेलं असो, ते सगळ्यांना सारखंच घट्ट धरतं. पेशीवर बायोटिन लावलेली अँटिबॉडी बसवायची आणि मग चमकतं पीई जोडलेल्या स्ट्रेप्टाव्हिडिनने ती शोधायची, या तंत्रात माझ्या हातून जे जे बिघडलं, त्यातल्या बहुतेकाचं मूळ इथेच सापडलं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी करताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: या नळीत आत्ता बायोटिन कुठे कुठे आहे?

आधी मंडळींची ओळख

बायोटिन म्हणजे जीवनसत्त्व बी७. रेणुभार जेमतेम २४४ डाल्टन. अँटिबॉडीचा रेणुभार दीड लाख. त्यामुळे तिच्यावर तीन-चार बायोटिन चिकटवली तरी तिच्या कामात सहसा अडथळा येत नाही. ते पकडणारं स्ट्रेप्टाव्हिडिन ‘स्ट्रेप्टोमायसिस अ‍ॅव्हिडिनाय’ या जिवाणूतून मिळतं. त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात एका बायोटिनची जागा. पकड अशी की विघटन स्थिरांक (तो जितका लहान तितकी पकड घट्ट) १० च्या उणे १४ व्या घाताच्या आसपास येतो. एकदा बसलेलं बायोटिन दिवसचे दिवस सुटत नाही. हा गुण म्हणून सांगतात, पण चुकीचं बायोटिन बसलं की हाच गुण डोकेदुखी होतो.

अंड्याच्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिनही बायोटिनला तितकंच घट्ट धरतं आणि स्वस्त पडतं. पण त्याच्यावर शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे एकूण भार शून्य होतो तो पीएच, १० च्या आसपास. म्हणजे नेहमीच्या बफरमध्ये ते धनभारित असतं आणि ऋणभारित पेशींना उगाचच चिकटतं. रंगवण्यासाठी म्हणून स्ट्रेप्टाव्हिडिनच घ्यावं. अ‍ॅव्हिडिनचा उपयोग पुढे दुसऱ्या कामासाठी येईल.

आता चमक कुठून येते ते. खोल पाण्यात लाल प्रकाश आधीच शोषला गेलेला असतो, उरतो तो हिरवा-निळा. तो टिपायला लाल शैवालांनी फायकोबिलिप्रोटीन नावाची प्रथिनं वापरात आणली. त्यातलं आर-फायकोएरिथ्रिन, म्हणजे आपलं पीई, २४०,००० डाल्टनचं धूड आहे आणि त्याच्या अंगावर तीसहून अधिक रंगद्रव्यं असतात. त्याचा मोलर शोषण गुणांक, म्हणजे प्रकाश किती जोराने शोषतं त्याचं माप, १९ लाखांच्या पुढे जातो. फ्लुरोसिन या नेहमीच्या लहान रंगाचा एका लाखाच्याही आतच राहतो. शोषलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक फोटॉन ते परत देतं. शैवालात ही ऊर्जा पुढच्या प्रथिनाकडे जाते, पण पीई सुटं काढलं की द्यायला पुढे कोणी नसतं, म्हणून ते चमकतं. ही युक्ती ओई, ग्लेझर आणि स्ट्रायर यांनी १९८२ मध्ये मांडली आणि फ्लो सायटोमेट्रीला (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजण्याच्या तंत्राला) दुसरा भरवशाचा रंग मिळाला.

कोणता रंग घ्यावा

नवख्याने पीई घ्यावं. ४८८ किंवा ५६१ नॅनोमीटरच्या लेझरने उत्तेजित होतं, ५७८ ला चमकतं, आणि मंद सिग्नलही सोडत नाही. यंत्रावर ५६१ चा लेझर असेल तर तोच वापरा: पीईचं सर्वोच्च शोषण ५६५ ला आहे, पेशींची स्वतःची चमक या लेझरखाली कमी दिसते, आणि पेशींत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन असेल तर ते ५६१ ला जवळजवळ उत्तेजितच होत नाही.

लाल लेझर असेल तर एपीसी, म्हणजे अ‍ॅलोफायकोसायनिन. ६५० ला शोषतं, ६६० ला देतं. पीईपेक्षा मंद, पण त्या भागात पेशींची स्वतःची चमक फार कमी असल्याने चित्र स्वच्छ येतं. पीई-सायफाइव्ह, पीई-सायसेव्हन, एपीसी-सायसेव्हन हे जोडरंग. त्यांत प्रथिन प्रकाश घेतं आणि शेजारच्या लहान रंगाला ऊर्जा देतं. जोडी प्रकाशाने, उष्णतेने किंवा फिक्सेटिव्हने (पेशी टिकवायच्या रसायनाने) तुटली की नुसतं पीई चमकायला लागतं आणि पीईच्या रकान्यात नसलेल्या पेशी दिसतात. पर्याय असेल तर बायोटिनच्या पायरीला जोडरंग लावू नका, असं माझं मत आहे. पर्सीपी हा आणखी एक प्रथिन-रंग तीव्र लेझरखाली फार लवकर विझतो, तोही टाळलेला बरा.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली काम असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. पीई तिथे बघता बघता विझतं, आणि जाड उतींत त्याचं धूड आत शिरतही नाही. तिथे लहान सेंद्रिय रंग जोडलेलं स्ट्रेप्टाव्हिडिन घ्यावं. फ्लोमध्ये पेशी लेझरसमोर मायक्रोसेकंदांपुरतीच येते, म्हणून पीईचं राज्य तिथे.

पायरी १: अँटिबॉडीला बायोटिन लावणं

तयार बायोटिन-अँटिबॉडी मिळत असेल तर ही पायरी सोडा. स्वतः करायची असेल तर हिशेब असा. १ मिलिग्रॅम अँटिबॉडी म्हणजे साधारण ६.७ नॅनोमोल. वीसपट सल्फो-एनएचएस-एलसी-बायोटिन (प्रथिनांच्या अमाइन गटांना जोडलं जाणारं बायोटिन) घ्यायचं, म्हणजे १३३ नॅनोमोल. त्याचं १० मिलिमोलर द्रावण करायला २.२ मिलिग्रॅम पावडर ४०० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातले १३ मायक्रोलिटर अँटिबॉडीत घाला. अर्धा तास बाहेर किंवा दोन तास बर्फावर.

अँटिबॉडी ट्रिस किंवा ग्लायसीन असलेल्या बफरमध्ये असेल तर बायोटिन त्यांच्याच अमाइन गटांना चिकटून संपेल. आधी पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खाऱ्या बफरमध्ये) आणा. बाटलीत जिलेटिन किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) मिसळलेलं असेल तर बायोटिन त्यांनाही लागेल, तेव्हा ‘वाहक प्रथिनाशिवाय’ असं लिहिलेलीच अँटिबॉडी घ्या. एनएचएस पावडरीला ओल अजिबात चालत नाही. फ्रीजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. पाण्यातलं द्रावण करायचं आणि लगेच वापरायचं. उरलेलं उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

मग न जुळलेलं बायोटिन काढून टाका, डीसॉल्टिंग कॉलमने किंवा डायलिसिसने. ही पायरी हलक्यात घेऊ नका. वीसपटीतले तीन-चार अँटिबॉडीवर बसतात, बाकीचे द्रावणात मोकाट फिरतात, आणि मोकाट बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा आधी अडवतं.

किती बायोटिन बसलं हे हाबा या रंगाने पाहता येतं. हाबा अ‍ॅव्हिडिनमध्ये बसलं की द्रावण नारंगी होतं आणि ५०० नॅनोमीटरला शोषतं. बायोटिन आलं की ते हाबाला हुसकावतं आणि शोषण उतरतं. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये जितकं उतरलं त्याला ३४,००० ने भागलं की त्या क्युव्हेटमधलं बायोटिनचं मोलर प्रमाण मिळतं. अँटिबॉडीच्या घड्यांत दडलेली बायोटिनं यात निसटतात, म्हणून आकडा थोडा कमीच येतो.

पायरी २: स्ट्रेप्टाव्हिडिन-पीईचं प्रमाण ठरवणं

बाटलीवरची शिफारस ही सुरुवात समजा. दहा लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये घ्या, बायोटिन-अँटिबॉडी ठरलेल्या प्रमाणात लावा आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई १ मायक्रोग्रॅमपासून निम्मं निम्मं करत आठ नळ्यांपर्यंत न्या. शेजारी तेवढ्याच नळ्या बायोटिन-अँटिबॉडी न लावलेल्या. प्रत्येक जोडीसाठी पॉझिटिव्हच्या मध्यकातून निगेटिव्हचा मध्यक वजा करा आणि निगेटिव्हच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागा. हा आकडा सर्वात मोठा जिथे येतो ते तुमचं प्रमाण. नवीन माणसं सर्वात उजेड असलेली नळी निवडतात. तिथे निगेटिव्हही वर सरकलेले असतात हे लक्षात येत नाही.

बायोटिन-अँटिबॉडीचं प्रमाण बदललं तर हे परत करावं लागतं.

पायरी ३: धुणं

ही पायरी कोणी प्रोटोकॉलमध्ये धड लिहीत नाही. पेशी आरपीएमआय या मीडियातून आल्या होत्या, मी त्याच मीडियात हलक्याने धुतल्या, रंग लावला आणि यंत्रासमोर बसले. पॉझिटिव्ह कंट्रोलचा डोंगर दिसायचा तिथे सपाट मैदान. बाटली जुनी झाली म्हणून नवी उघडली, तरी तेच. शेवटी शेजारच्या बाकावरच्या सिनिअरने फक्त एक विचारलं, “धुतलंस कशाने?”

आरपीएमआय १६४० मध्ये लिटरला ०.२ मिलिग्रॅम बायोटिन असतं. म्हणजे सुमारे ८२० नॅनोमोलर. आता आपल्या नळीचं बघा. १०० मायक्रोलिटरमध्ये पाव मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई, जोडीचा रेणुभार सुमारे तीन लाख धरला तर ८ नॅनोमोलर. प्रत्येकाच्या चार जागा, म्हणजे फार तर ३३ नॅनोमोलर जागा. मीडियातलं बायोटिन त्याच्या पंचवीसपट. माझं महागाचं द्रव्य पेशींपर्यंत पोचायच्या आधीच तृप्त होऊन बसलं होतं.

पीबीएसने धुतल्यावर काय होतं तेही मोजा. पेशींवर ५० मायक्रोलिटर मीडिया उरला, त्यात २ मिलिलिटर पीबीएस घातलं, तर बायोटिन २० नॅनोमोलरवर येतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं ओतून, ५० उरवून त्यात ५० मायक्रोलिटर रंग घातला की १० नॅनोमोलर. अजूनही जागांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं! आणखी एकदा धुतलं की पाव नॅनोमोलर. म्हणून दोनदा. एकदा पुरत नाही, आणि चारदा धुवून पेशी गमवण्याची गरज नाही.

डीएमईएम या दुसऱ्या मीडियाच्या नेहमीच्या सूत्रात बायोटिन नसतं, पण त्यात घातलेल्या सीरममध्ये असतं. ब्लॉकिंगसाठी (नको तिथे चिकटणं रोखायला) दुधाची पावडर तर अजिबात नको, दुधात बायोटिन भरपूर. बीएसएही बायोटिनमुक्त असल्याची खात्री करून घ्या. हाच घोळ इस्पितळांतल्या रक्ततपासण्यांतही होतो: बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांचे ट्रोपोनिनसारखे (हृदयविकाराच्या तपासणीचे) निकाल खोटे कमी येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला होता.

पायरी ४: प्रत्यक्ष रंगवणं

बफर: पीबीएस, त्यात ०.५ ते १ टक्का बीएसए, २ मिलिमोलर ईडीटीए आणि हवं तर ०.०५ टक्के सोडियम अझाइड. सगळं बर्फावर.

१. पेशी मोजा, दहा लाखांचे वाटे करा, वरच्या बफरने दोनदा धुवा.

२. एफसी ग्राहक (अँटिबॉडीचं शेपूट पकडणारी पेशीवरची प्रथिनं) बंद करा. उंदराच्या पेशींना २.४जी२ ही सीडी१६/३२ विरुद्धची अँटिबॉडी, माणसाच्या पेशींना त्यांचा एफसी ब्लॉक. दहा मिनिटं. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज असतील तर ही पायरी गाळू नका. सायनिन रंग असलेले जोडरंग त्यांना विशेष चिकटतात.

३. बायोटिन-अँटिबॉडी घाला, २० ते ३० मिनिटं. बाकीच्या थेट रंगीत अँटिबॉडी इथे किंवा पुढच्या पायरीत, कुठेही चालतील. स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई मात्र इथे घालायचं नाही. वेळ वाचवायला दोन्ही एकत्र मिसळणारे मी पाहिले आहेत. चार जागांचं स्ट्रेप्टाव्हिडिन आणि अनेक बायोटिन असलेली अँटिबॉडी मिळून गुठळ्या करतात आणि त्या गुठळ्या पेशींना कशाही चिकटतात.

४. दोनदा धुवा. इथे न चिकटलेली बायोटिन-अँटिबॉडी जाते.

५. स्ट्रेप्टाव्हिडिन-पीईची बाटली वापरण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ जोरात फिरवा आणि वरून घ्या, तळातल्या गुठळ्या ढवळू नका. ठरवलेलं प्रमाण घाला, अंधारात, बर्फावर २० मिनिटं. पकड वेगाने बसते, तासभर ठेवून पार्श्वभूमी वाढण्यापलीकडे काही होत नाही.

६. दोनदा धुवा, ३०० मायक्रोलिटरमध्ये घ्या, जाळीतून गाळा.

७. मेलेल्या पेशी ओळखायला डापी हा रंग घाला. मेलेल्या पेशी स्ट्रेप्टाव्हिडिनला हावरटासारख्या धरतात, त्यांना वगळल्याशिवाय निकाल वाचू नका. प्रोपिडियम आयोडाइड मात्र पीईसोबत नको, दोघांचा उजेड एकमेकांवर सांडतो.

लगेच चालवता येत नसेल तर १ ते २ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या आत वाचा. मेलेल्या पेशी ओळखायच्या असतील तर मात्र डापीऐवजी फिक्स करण्याआधीच टिकाऊ व्हायेबिलिटी डाय लावावा लागतो, कारण फिक्स केल्यावर डापी सगळ्यांतच शिरतं. मिथेनॉल नको. पीई आणि एपीसी ही प्रथिनं आहेत, मिथेनॉलने त्यांची घडी उलगडते आणि चमक जाते. मिथेनॉलची पायरी टाळताच येत नसेल तर ती आधी उरका आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई नंतर लावा.

एका नळीत एकाहून अधिक बायोटिन-अँटिबॉडी लावल्या तर स्ट्रेप्टाव्हिडिन त्यांत फरक करणार नाही. कधी नेमकं तेच हवं असतं: उंदराच्या अस्थिमज्जेतून मूळ पेशी वेगळ्या काढताना सीडी३, बी२२०, जीआर-१, सीडी११बी, टीईआर-११९ या सगळ्या बायोटिनच्या घेतात आणि एकाच रंगात नको असलेल्यांची मोट बांधून बाजूला करतात.

पायरी ५: कंट्रोल

न रंगवलेल्या पेशी आणि प्रत्येक रंगाचे एकेरी कंट्रोल तर हवेतच. जोडरंग असेल तर कंपेन्सेशनचा (एका रंगाचा दुसऱ्यावर सांडलेला उजेड वजा करण्याचा) कंट्रोल त्याच लॉटच्या बाटलीतून घ्या. बायोटिनच्या कामात याखेरीज दोन नळ्या लागतात, आणि माझ्या मते त्या आयसोटाइप कंट्रोलपेक्षा (त्याच जातीच्या, पण पेशीवरचं काहीच न ओळखणाऱ्या अँटिबॉडीपेक्षा) जास्त सांगतात.

पहिली: बायोटिन-अँटिबॉडी न लावता फक्त स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई. दुसरी: स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई आधी मोकळ्या बायोटिनने तृप्त करून मग पेशींना लावायचं. डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर बायोटिनचं द्रावण करून ठेवा आणि रंगात १०० मायक्रोमोलर होईल इतकं घाला, १० मिनिटं थांबा.

आता वाचा. पहिली नळी चमकली आणि दुसरी विझली, तर पेशींत स्वतःचं बायोटिन आहे. दोन्ही चमकल्या, तर बायोटिनचा संबंध नाही. पीई किंवा स्ट्रेप्टाव्हिडिन दुसऱ्याच कशाला चिकटतंय. एफसी ग्राहक, मेलेल्या पेशी किंवा गुठळ्या तपासा. स्ट्रेप्टाव्हिडिनमध्ये आर्जिनिन-टायरोसिन-अ‍ॅस्पार्टेट असा तुकडा आहे, तो इंटेग्रिन ओळखतात त्या तुकड्यासारखा दिसतो, तेव्हा काही पेशी त्यालाही धरतात. दोन्ही नळ्या काळ्या आणि मुख्य नळीही काळी असेल, तर धुण्याच्या पायरीवर परत जा.

पेशीच्या आत रंगवायचं असेल तर

पेशीचा पडदा शाबूत आहे तोवर आतलं बायोटिन झाकलेलं असतं. सॅपोनिन किंवा ट्रायटनने भोकं पाडली की पायरुव्हेट कार्बोक्सिलेज, अ‍ॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज आणि त्यांची भावंडं उघडी पडतात. बायोटिन हा या एन्झाइमांचा कायमचा जोडलेला भाग आहे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या पेशींत ती भरपूर असतात, तिथे पहिली कंट्रोल नळी हमखास पेटते.

यासाठी आपलं स्वस्त अ‍ॅव्हिडिन. बायोटिन-अँटिबॉडी लावण्याआधी मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम अ‍ॅव्हिडिन १५ मिनिटं ठेवा, म्हणजे आतलं बायोटिन झाकलं जाईल. धुवा. पण त्या अ‍ॅव्हिडिनच्या उरलेल्या जागा आता रिकाम्या आहेत, त्या तुमच्या बायोटिन-अँटिबॉडीलाच धरतील. म्हणून लगेच मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम मोकळं बायोटिन १५ मिनिटं, आणि ते काढून टाकायला तीनदा धुणं. क्रम उलटा झाला तर काहीच हाती लागत नाही. खरं सांगायचं तर पेशीच्या आतल्या कामासाठी थेट रंगीत अँटिबॉडी मिळत असेल तर मी बायोटिनच्या वाटेला जात नाही.

मण्यांवर

मण्यांवरच्या साइटोकाइन (पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं) चाचण्यांतही शेवटची पायरी हीच: पकडणारी अँटिबॉडी मण्यावर, मध्ये साइटोकाइन, वर बायोटिन-अँटिबॉडी, आणि मग स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई. इथे पेशीच नसल्याने आतल्या बायोटिनची भानगड नाही. पण नमुना जर आरपीएमआयमधल्या पेशींवरचं पाणी असेल तर बायोटिन-अँटिबॉडी घालण्यापूर्वीचं धुणं नीट व्हायलाच हवं.

यंत्रावर बसल्यावर

पीई इतकं उजळ असतं की डिटेक्टरचं व्होल्टेज जुन्या सवयीने ठेवलं तर पॉझिटिव्ह पेशी उजव्या भिंतीला टेकतात, आणि टेकलेल्या पेशींचं कंपेन्सेशन होत नाही. आधी सर्वात उजळ नळी चालवा, ती पट्टीच्या आत आणा, मगच बाकीचं. फिल्टर ५७५/२६ किंवा ५८५/४२ पैकी जो असेल तो. एकेरी कंट्रोल नमुन्याइतका तरी उजळ हवा.

बाटलीची काळजी

२ ते ८ अंशांत, अंधारात, दाराच्या कप्प्यात नाही. गोठवू नका, कधीच नाही. बर्फाचे स्फटिक पीईची घडी मोडतात आणि वितळल्यावर ती बाटली फेकण्याच्याच लायकीची उरते. फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून ठेवलेली बाटलीही कधी कधी गोठते, तेव्हा पुढच्या बाजूला ठेवा. बाटलीत अझाइड असतं, त्यामुळे उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. तांब्या-शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साठू शकतात. उघडल्याची तारीख आणि लॉट क्रमांक बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही, कारण झाकणं एका बाटलीची दुसरीला लागतात.